पाण्याची पाळी सांगणारा सर्व्हर: फ्लास्क आतून कसं चालतं

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी उन्हाळ्यात एकच प्रश्न दिवसभर फिरत असतो: आपल्याकडं पाणी कधी सुटणार? लातूरकरांनी तर २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी पाहिलंय. एरवीही पाच-सहा दिवसांआड नळ येणं इथं कुणाला नवं नाही. मग वॉलमनला फोन, नगरसेवकाला फोन, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘आज येणार का?’ आणि त्याखाली चार जणांची चार उत्तरं.

समजा, हे उत्तर एकाच ठिकाणी ठेवायचं. मोबाइलवर पान उघडलं की आपल्या गल्लीची पाळी दिसावी, आणि वॉलमनला त्याच्याच मोबाइलवरून ती बदलता यावी. एवढंच काम. लातूर-नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांना हे सांगितलं तर पहिल्यांदा क्लाउडचं खातं, मोबाइल ॲप, मोठा डेटाबेस अशी यादी निघते आणि काम तिथंच अडतं. या कामाला एक जुना लॅपटॉप, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि फ्लास्क नावाचं एक हलकं फ्रेमवर्क (वेबसाइटची नेहमीची कामं आधीच करून ठेवलेला कोड) पुरतं. फ्लास्क मुक्त स्रोताचं आहे, त्याचा कोड कुणालाही वाचता येतो, फुकट वापरता येतो, त्यावर धंदाही करता येतो. ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, हे इथं याच पाण्याच्या पानाच्या आधारानं उलगडतो.

आधी सर्व्हर. सर्व्हर म्हटलं की एसीच्या खोलीतलं मोठं यंत्र डोळ्यापुढं येतं. प्रत्यक्षात सर्व्हर हा एक प्रोग्राम असतो. तो सुरू होतो, कॉम्प्युटरच्या एका ठरलेल्या पोर्टवर (म्हणजे क्रमांक दिलेल्या दारावर) कान देऊन बसतो, कुणी काही मागितलं की उत्तर देतो आणि पुन्हा ऐकत बसतो. तुमच्या लॅपटॉपवर हा प्रोग्राम चालू असेल तर तुमचा लॅपटॉपच सर्व्हर.

मागणं आणि उत्तर कसं दिसतं, ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. ब्राउझर जे पाठवतो तो साधा मजकूर असतो. पहिल्या ओळीत तीन गोष्टी: काय करायचं (‘गेट’ म्हणजे दाखव), कोणता पत्ता, आणि एचटीटीपीची (ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या नियमांची) कोणती आवृत्ती. त्याखाली हेडरच्या काही ओळी: कोणत्या साइटकडून हवंय, ब्राउझर कोणता, भाषा कोणती चालेल. मग एक कोरी ओळ. मागणी संपली. उत्तरही तसंच. पहिल्या ओळीत २०० हा आकडा, म्हणजे सगळं ठीक. मजकूर कसला आहे आणि किती बाइटचा, हे सांगणाऱ्या ओळी. कोरी ओळ. मग खरा मजकूर.

या बाइटच्या आकड्याकडं मराठी माणसानं नीट बघावं. ‘पाणी उद्या येणार’ एवढंच उत्तर पाठवलं तर त्यात देवनागरीची १४ चिन्हं (काना, मात्रा आणि हलन्त वेगळे धरून) आणि २ मोकळ्या जागा आहेत. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट आणि मोकळ्या जागेला १ बाइट लागतो. म्हणजे ४४ बाइट. सगळा सर्व्हर स्वतः हातानं लिहायला बसलात आणि लांबी १६ अशी कळवलीत, तर ब्राउझर १६ बाइट वाचून थांबेल, आणि ‘पाणी उ’च्या पुढं सगळं तुटेल. मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगायचं विसरलात तर चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसू शकतात. फ्लास्क ही दोन्ही कामं न सांगता करतं: बाइट मोजतं आणि मजकुराची पद्धत कळवतं. फ्रेमवर्कचा उपयोग इथूनच सुरू होतो. मागणीच्या ओळी सोडवणं, पत्ता वेगळा काढणं, फॉर्ममधली माहिती उलगडणं, कुकी (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) वाचणं, उत्तराला योग्य हेडर लावणं ही कामं जगातल्या प्रत्येक वेबसाइटला सारखीच लागतात. ती एकदा नीट लिहून ठेवलेली असली की आपल्याला फक्त आपल्या गल्लीच्या पाण्याचा विचार करता येतो.

फ्लास्कचा जन्म थट्टेतून झाला. आर्मिन रोनाखर या ऑस्ट्रियाच्या प्रोग्रामरनं १ एप्रिल २०१० ला एकाच फाइलमध्ये मावणारं एक फ्रेमवर्क गमतीनं जाहीर केलं. आत त्याच्याच दोन जुन्या लायब्ररी (तयार कोडचे संच) कोंबलेल्या होत्या. लोकांनी ते खरं मानलं. एवढं छोटं काहीतरी लोकांना खरोखरच हवं आहे, हे त्यातून त्याला दिसलं आणि त्याच वर्षी फ्लास्क आलं. त्या दोन लायब्ररी आजही फ्लास्कचा कणा आहेत. वेर्कत्सॉइग मागणी-उत्तराचं काम बघते, जिंजा पानाचा साचा भरते. सुरुवातीपासून लोक ते भरवशानं वापरत होते, तरी १.० आवृत्ती यायला २०१८ उजाडलं. आता पॅलेट्स नावाचा स्वयंसेवकांचा गट त्याची देखभाल करतो.

‘हलकं’ हा शब्द दोन अर्थांनी खरा आहे. एक तर आकारानं: फ्लास्क आणि त्याला लागणाऱ्या लायब्ररी मोबाइलच्या डेटावर मिनिटभरात उतरतात. पण महत्त्वाचा अर्थ दुसरा. फ्लास्क तुमच्या वतीनं फार थोडे निर्णय घेतं. डेटाबेस कोणता, लॉगिन कसं, फाइली कुठं ठेवायच्या, हे ते ठरवत नाही. २००५ साली आलेलं जँगो हे पायथनचंच दुसरं फ्रेमवर्क यापैकी बरंच काही सोबत घेऊन येतं. फ्लास्कमध्ये ते तुम्हाला आणावं लागतं, आणि आणलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारीही तुमचीच. शिकणाऱ्यानं फ्लास्कपासून सुरुवात करावी असं मी आग्रहानं सांगतो ते याचसाठी. इथं मागणीपासून उत्तरापर्यंतचा सगळा रस्ता उघडा दिसतो. कुठं काय झालं हे शोधायला दहा फाइली चाळाव्या लागत नाहीत.

सगळ्यात छोटा फ्लास्क प्रोग्राम पाच ओळींचा होतो. पहिल्या ओळीत फ्लास्क आणायचं. दुसऱ्या ओळीत त्याचा एक ऑब्जेक्ट करायचा, तो म्हणजे आपलं ॲप. तिसरी ओळ ॲटच्या चिन्हानं सुरू होते, तिला डेकोरेटर म्हणतात. ती सांगते की अमुक पत्ता मागितला तर खालचं फंक्शन चालव. चौथ्या ओळीत फंक्शनचं नाव, पाचवीत ते काय परत देणार. ‘पाणी उद्या येणार’ एवढी अक्षरं परत दिली तरी फ्लास्क त्यांचं पुरतं उत्तर बनवून पाठवतं. एक काळजी घ्या. फाइलला ‘फ्लास्क’ हेच नाव देऊ नका, नाहीतर पायथन खऱ्या फ्लास्कऐवजी तुमचीच फाइल उघडतं आणि न समजणारी चूक दाखवतं.

पत्ता आणि फंक्शन यांच्या या जोडणीला राउट म्हणतात. पत्त्यात बदलता भाग ठेवता येतो. ‘/गल्ली/’ पुढं आकडा येईल असं सांगून ठेवलं की ‘/गल्ली/३’ मागितल्यावर फंक्शनला ३ मिळतो, ‘/गल्ली/७’ ला ७. प्रत्येक गल्लीसाठी वेगळं पान लिहायची गरज उरत नाही. कुणी आकड्याच्या जागी भलतंच काही टाकलं तर तुमचं फंक्शन चालतच नाही. फ्लास्क परस्पर ४०४, म्हणजे ‘असा पत्ता नाही’, हे उत्तर पाठवतं. तुमच्या कोडमध्ये खरीच चूक झाली आणि फंक्शन मध्येच कोसळलं तर ५००. हे दोन आकडे ओळखता आले तरी निम्मा घोळ सुटतो: ४०४ असेल तर राउट तपासा, ५०० असेल तर फंक्शनच्या आत बघा.

पत्ते मराठीत ठेवता येतात, फ्लास्क ते नीट ओळखतं. तरीही मी सांगेन की पत्ता छोटा आणि रोमन लिपीत ठेवा, पानावरचा मजकूर मात्र बिनधास्त मराठीत. कारण जाताना ब्राउझर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे तीनही बाइट टक्क्याच्या खुणेसह लिहितो. एका ‘ग’ची नऊ अक्षरं होतात आणि ‘गल्ली’ या एका शब्दाची ४५. अशी लिंक ग्रुपवर टाकली की टक्क्यांची लांबच लांब माळ दिसते, आणि ती बघून माणूस लिंक उघडायलाच बिचकतो.

आता वॉलमनच्या बाजूनं बघू. त्याला पाळी बदलायची आहे. त्यासाठी फॉर्म लागतो आणि फॉर्म पाठवायला ‘पोस्ट’ ही दुसऱ्या प्रकारची मागणी. ‘गेट’नं फक्त दाखवायचं, ‘पोस्ट’नं बदल करायचा, हा नियम अनेकांना पुस्तकी वाटतो. तसा तो नाही. समजा तुम्ही ‘गल्ली ३ ची पाळी रद्द’ ही साधी लिंक केली, नुसती उघडली की पाळी रद्द. ती कुणी ग्रुपमध्ये पेस्ट केली की व्हॉट्सॲप खाली छोटं चित्र आणि शीर्षक दाखवण्यासाठी स्वतःच ती लिंक उघडून बघतं. कुणी बोटही लावलं नाही आणि गल्लीची पाळी गेली. रद्द करण्याचा राउट फक्त ‘पोस्ट’ घेईल असं ठरवून ठेवलं तर त्या उघडण्याला फ्लास्क ४०५ देऊन परत पाठवतं.

फॉर्ममध्ये तास लिहायच्या जागी वॉलमन मराठी कीबोर्डवरून ‘१२’ लिहिणार, तर चालेल का? पायथनमध्ये चालतं. अक्षरांतून आकडा काढणारं त्याचं फंक्शन देवनागरी आकडेही वाचतं आणि ‘१२’ चे बाराच करतं. इथल्या लोकांसाठी साइट करताना ही सोय फार मोलाची आहे. ‘आकडे इंग्रजीत लिहा’ अशी पाटी लावावी लागत नाही.

फॉर्ममधून आलेला मजकूर पानावर दाखवताना मात्र जपून. कुणी सूचनेच्या चौकटीत मजकुराऐवजी स्क्रिप्टचा कोड टाकला आणि तुम्ही तो जसाच्या तसा पानात ओतला, तर पान उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ब्राउझरमध्ये तो चालतो. एचटीएमएलचा साचा वेगळ्या फाइलमध्ये ठेवून जिंजाकडून भरून घेतला तर अशी धोक्याची चिन्हं आपोआप निरुपद्रवी होतात. पण फंक्शनमधून थेट अक्षरं जोडून परत दिलीत तर ही राखण मिळत नाही. घाईत हेच केलं जातं, म्हणून पहिल्या दिवसापासून साचा वापरायची सवय लावून घ्या.

आणि पाळ्यांची नोंद ठेवायची कुठं? नवशिके ती प्रोग्राममधल्याच एका यादीत ठेवतात. चाचणी घेताना झकास चालतं. मग लाईट जाते. लॅपटॉपची बॅटरी उतरते, प्रोग्राम बंद, यादी गेली. आपल्याकडं हे किती वेळा होतं ते वेगळं सांगायला नको. लाईट गेली नाही तरी दुसरा एक घोळ दबा धरून असतो. खऱ्या वापरात सर्व्हर एकाच वेळी तीन-चार प्रती चालवतो आणि प्रत्येक प्रतीची यादी वेगळी राहते. वॉलमननं केलेला बदल एकाच प्रतीला कळतो. मग तुम्ही पान उघडता तेव्हा ‘उद्या’ दिसतं, पुन्हा उघडता तेव्हा ‘परवा’. चूक कुठं आहे ते सापडत नाही, कारण कोड वाचून तर सगळं बरोबर दिसतं.

उपाय सोपा आहे: एसक्यूलाइट. हा डेटाबेस पायथनसोबतच येतो, वेगळा बसवावा लागत नाही, आणि सगळी माहिती एकाच फाइलमध्ये ठेवतो. लिहिताना मध्येच लाईट गेली तरी फाइल अर्धवट अवस्थेत राहू नये, अशी त्याची रचना आहे. एका वेळी एकालाच लिहू देतो, वाचणारे कितीही असोत. पाण्याच्या पानाला हे पुरून उरतं; लिहिणारा वॉलमन एक, वाचणारं सगळं गाव. फक्त फॉर्ममधून आलेली माहिती डेटाबेसला विचारायच्या वाक्यात अक्षरं जोडून घालू नका. तिच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवा आणि किंमत वेगळी द्या, म्हणजे कुणी खोडसाळपणे टाकलेला मजकूर डेटाबेसला हुकूम म्हणून वाचला जात नाही.

बदल करायचा अधिकार फक्त वॉलमनला हवा, म्हणजे लॉगिन आलं. फ्लास्ककडं तयार लॉगिन नाही. पासवर्ड सरळ न साठवता त्याचा हॅश (ज्यावरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही असं रूप) साठवायचं साधन वेर्कत्सॉइगमध्ये आहे. आणि ‘हा माणूस आत आलेला आहे’ हे लक्षात ठेवायला फ्लास्कचं सेशन आहे. सेशनची माहिती सर्व्हरवर राहत नाही, ती वॉलमनच्याच मोबाइलमध्ये कुकी म्हणून जाते, गुप्त किल्लीनं सही करून. सही असल्यानं त्यात कुणी काही बदललं तर फ्लास्कला लगेच कळतं. पण ती झाकलेली नसते. ज्याला उघडता येतं त्याला वाचता येते. त्यामुळं तिच्यात पासवर्ड, आधार क्रमांक असलं काही ठेवायचं नाही. आणि ती गुप्त किल्ली कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) टाकायची नाही, कारण किल्ली मिळाली की कुणीही स्वतःला वॉलमन म्हणवून घेऊ शकतो.

एवढं झालं की पान दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून दाखवावंसं वाटतं आणि बरेच जण तिथं अडतात. लॅपटॉपवर उघडतं, मोबाइलवर उघडत नाही. कारण साधं आहे. सांगितलं नाही तर फ्लास्क १२७.०.०.१ या पत्त्यावर, ५००० या पोर्टवर ऐकतं, आणि तो पत्ता म्हणजे ‘हेच यंत्र’. बाहेरच्या कुणाला तिथं येता येत नाही. सुरू करताना होस्ट म्हणून ०.०.०.० दिला (टाइप करताना इंग्रजी आकडे) की ते सगळ्या बाजूंनी ऐकायला लागतं. मग मोबाइल आणि लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर मोबाइलमध्ये लॅपटॉपचा त्या वायफायवरचा पत्ता आणि पोर्ट टाकला की पान उघडतं. विंडोजच्या फायरवॉलनं परवानगी विचारली तर द्यावी लागते. या सगळ्याला इंटरनेट लागत नाही, हे लक्षात घ्या. ग्रामपंचायतीत किंवा वाचनालयात एक राउटर आणि एक लॅपटॉप असला, तर बाहेरचं नेट बंद असतानाही त्या खोलीतल्या सगळ्यांना पान दिसतं.

गावभर दाखवायचं म्हटलं की पुढची पायरी येते. फ्लास्क सुरू करताना लाल अक्षरांत इशारा दिसतो की हा सर्व्हर फक्त विकसनासाठी आहे, खऱ्या वापरात नको. तो इशारा मनावर घ्या. फ्लास्कसोबत येणारा सर्व्हर लिहिताना सोय म्हणून दिलेला आहे. गर्दी आणि खोडसाळ मागण्या झेलायला तो केलेला नाही. त्याच्या जागी लिनक्सवर गुनिकॉर्न किंवा विंडोजवर वेट्रेस लावायचा. तुमच्या कोडची एकही ओळ बदलावी लागत नाही. ते का, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला सोपं आहे. ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, मागची तीन ठिकाणची जोडणी ठरलेली असते, म्हणून नांगर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र काहीही लागतं. पायथनमध्ये सर्व्हर आणि फ्रेमवर्क यांच्यातली अशी जोडणी २००३ साली फिलिप एबी यांनी मांडली; तिला डब्ल्यूएसजीआय म्हणतात. सर्व्हरनं मागणी कोणत्या रूपात द्यायची आणि ॲपनं उत्तर कोणत्या रूपात परत करायचं, एवढंच ती ठरवते. फ्लास्क ती पाळतं, जँगो पाळतं, गुनिकॉर्न पाळतो, वेट्रेसही पाळतो.

याच टप्प्यावर डीबग मोड बंद आहे ना, ते स्वतः तपासा. तो चालू असताना चूक झाली की ब्राउझरमध्येच चुकीची पूर्ण ओळ दिसते आणि तिथूनच कोड चालवून बघता येतो. शिकताना याच्यासारखी मदत नाही. पण गावासाठी उघडलेल्या सर्व्हरवर तो राहिला, तर ब्राउझरमधून कोड चालवायची तीच सोय अनोळखी माणसाच्या हाती जाऊ शकते. त्यावर पिन असतो, पण तेवढ्यावर विसंबून राहू नये, असं फ्लास्कचं मार्गदर्शनही सांगतं.

फ्लास्क कुठं अपुरं पडतं? कामाचा व्याप वाढला की. पाणीपट्टीच्या पावत्या, प्रत्येक विभागाचे वेगळे अधिकार, कारकुनासाठी नोंदी बघायची-बदलायची पानं, हे सगळं एकदम हवं असेल तर जँगोकडं जावं. तिथं नोंदी सांभाळायची पानं तयार मिळतात, फ्लास्कमध्ये ती बांधण्यात महिने जातील. हजारो लोकांशी सतत उघडी जोडणी ठेवायची, जसं टँकर कुठं पोचला ते नकाशावर हलताना दाखवायचं, त्यालाही दुसरी साधनं जास्त सोयीची. पाण्याच्या पाळीला यातलं काही लागत नाही. तिला लागतात तीन राउट, दोन साचे, एक डेटाबेस फाइल, आणि रोज रात्री त्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेणारं कुणीतरी. प्रत घेताना सर्व्हर थांबवा किंवा एसक्यूलाइटचीच बॅकअपची सोय वापरा, म्हणजे लिहिणं चालू असताना अर्धी फाइल उचलली जाणार नाही.